गोरेपणाची ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एका विशिष्ट ट्यूबची मागणी वाढते. नाव बहुतेकांना ठाऊक नसते. कुणी मोबाइलमधला फोटो दाखवतात, कुणी शेवटपर्यंत गुंडाळत आणलेली रिकामी ट्यूबच पुढे करतात आणि ‘हीच द्या, आठ दिवसांत फरक पडतो’ असे सांगतात. तालुक्याच्या गावी फार्मासिस्ट म्हणून काम सुरू केले तेव्हा मीही अशा ट्यूब चिठ्ठी न विचारता दिल्या आहेत. त्याची खंत आजही वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

या ट्यूबमध्ये सहसा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे एखादे स्टेरॉइड अशी तीन औषधे असतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ साली मांडलेल्या तिहेरी मिश्रणाचेच हे पुढचे रूप आहे. हायड्रोक्विनोन त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, ट्रेटिनॉइन वरच्या पेशी लवकर झडायला लावते, आणि या दोघांमुळे होणारी आग शमावी म्हणून त्यात स्टेरॉइड घातलेले असते. वांगाच्या डागांवर त्वचारोगतज्ज्ञ ते रात्री, ठरावीक आठवडेच लावायला सांगतात, सोबत सनस्क्रीन देतात आणि मध्ये तपासायला बोलावतात. तिथे ते उत्तम औषध आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण आठ दिवसांत दिसणारा उजळपणा नेमका कशाचा असतो? त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी रंगद्रव्यासह वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणजे मूळचा रंग आठवड्याभरात बदलणे शक्यच नाही. स्टेरॉइड मात्र त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या काही तासांत आकुंचित करते, त्यामुळे चेहरा फिकट दिसतो, आणि या फिकटपणालाच आपण गोरेपणा समजतो. स्टेरॉइडचे मलम किती जोरदार आहे हे मोजण्याची एक जुनी पद्धतच अशी आहे की ते हातावर लावायचे आणि कातडी किती पांढुरकी पडते ते पाहायचे. गिऱ्हाईक ज्याला गुण म्हणते, ती खरे तर औषधाच्या तीव्रतेची खूण असते.

हेच मलम महिनोन्‌महिने लावले की त्वचेतील कोलॅजन घटते, कातडी पातळ होते आणि गालांवर लाल शिरांचे जाळे उमटते. मुरुमे येतात, कित्येकींच्या हनुवटीवर लव वाढते. चेहऱ्यावर हा धोका अधिक, कारण तिथली त्वचा औषध फार शोषून घेते: १९६७ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळावरून सुमारे ६ पट, तर जबड्याच्या कडेवरून सुमारे १३ पट हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शरीरात गेल्याचे आढळले होते. हायड्रोक्विनोनही दीर्घकाळ लावत राहिल्यास काही जणांच्या गालांवर निळसर काळे डाग पडतात, आणि ते सहजी जात नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी तोंडाला ओढणी बांधून दुकानात आली. तिने ओढणी सोडली तेव्हा दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल होते आणि नाकाच्या बाजूला बारीक शिरा स्पष्ट दिसत होत्या. पार्लरमध्ये कुणीतरी सांगितले म्हणून वर्षभर तिने ही ट्यूब डे क्रीमसारखी सकाळी लावली होती. चार दिवस बंद केली तर पाण्याचा हबकाही सोसवेना, म्हणून ती आणखी एक घ्यायला आली होती. त्वचेला स्टेरॉइडची सवय लागते ती अशी: थांबवले की आकुंचलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, आग होते आणि माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. मी ट्यूब दिली नाही आणि तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तिने बाहेर पडून दुसऱ्या दुकानातून ती घेतली नसेल, असे मात्र मला खात्रीने म्हणता येत नाही.

बाजारात याहून घातक मालही आहे. निर्मात्याचा पत्ता नसलेल्या काही आयात डब्यांत पारा असतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या विकरातील तांब्याची जागा घेऊन तो रंग उतरवतो, पण त्वचेतून शिरून मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे १५ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतील १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचे निष्पन्न झाले होते.

स्टेरॉइडच्या ट्यूबबद्दल मात्र आम्हा औषधविक्रेत्यांना अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. खोक्यावर ‘आरएक्स’ ही चिठ्ठीच्या औषधाची खूण छापलेली असते, शेड्यूल एचची, म्हणजे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीची, सूचना असते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे याच यादीत आणून चिठ्ठीविना होणारी त्यांची विक्री बंद केली. अशा औषधाच्या बिलावर डॉक्टरांचे नाव लिहावे लागते, आणि कित्येक बिलांवर त्या रकान्यात केवळ ‘सेल्फ’ असते. अन्न व औषध प्रशासनाने एखाद्या दुकानाची या ट्यूबची खरेदीची बिले आणि चिठ्ठीवर झालेली विक्री शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तरी सारा प्रकार उघड होईल. त्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही. ही तपासणी लग्नसराईच्या आधी व्हावी आणि तीत पार्लरमधील कपाटेही पाहिली जावीत, अशी माझी विनंती आहे.

ज्यांच्या घरी अशी ट्यूब सध्या वापरात आहे, त्यांनी ती मनाने एकदम बंद करू नये. रिकामी असली तरी खोक्यासह त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावी, म्हणजे त्यातील स्टेरॉइड कोणते हे पाहून ते कसे कमी करायचे, हे त्यांना ठरवता येईल.

आपली,
एक फार्मासिस्ट, जि. सातारा