सोहमची वही आणि बाबांचा फोन

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट बोलता येत नाही. आई मध्येच कुकर बंद करायला उठते आणि बाबा "बरं बरं" म्हणून विषय गुंडाळतात. म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय.

आई, तू विचारलंस, सोहमला ते एआय वापरू द्यायचं की फोनच काढून घ्यायचा? दिवाळीत सोलापूरला आले तेव्हा मी त्याची भूमितीची वही चाळली होती. पानंच्या पानं स्वच्छ. खाडाखोड नाही, खोडरबरानं कागद विरलेला नाही, समासात कच्चं काम नाही. दहावीच्या पोराची भूमिती इतकी सोवळी नसते गं. त्यातलंच समरूप त्रिकोणांचं एक उदाहरण मी वही मिटून तोंडी विचारलं. "आत्या, मला येतं, फक्त आत्ता आठवत नाहीये," म्हणाला. खोटं बोलत नव्हता. आपल्याला येतं असं त्याला खरंच वाटतंय, आणि माझी काळजी तीच आहे.

तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी मुलांवर याचा प्रयोग झाला, यंदाच तो छापून आलाय. गणिताच्या सरावाला ज्यांना साधा चॅटबॉट, म्हणजे विचारलं की सरळ उत्तर देणारा एआय, दिला, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. परीक्षेत तो काढून घेतला, तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षाही ही मुलं १७ टक्क्यांनी मागं पडली. वर आपलं काही बिघडलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणखी एका गटाला मात्र उत्तर न सांगता नुसती पुढची दिशा सुचवणारा चॅटबॉट दिला होता. त्या मुलांचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही.

तेव्हा फोन काढून घेऊ नकोस. तुझ्या शेजारी वर्षानुवर्षं बसून मला भाकरी आली नाही, पिठात हात घातल्यावर आली. सोहमचा हात पिठात जात नाहीये, एवढंच. आपल्या मागच्या बोळातली ती बारावीची मुलगी बघ. घरात तेलुगू, आई विड्या वळते, शिकवणी परवडत नाही. ती रसायनशास्त्राचा धडा आधी स्वतः वाचते आणि मग फोनला सांगते, 'मला यावर प्रश्न विचार, अडले तर तेलुगूत समजाव.' रात्री अकराला तिची शंका ऐकायला दुसरं आहे तरी कोण? तिच्या हातातून तो फोन काढणारा माणूस मला आवडणार नाही.

सोहमनं आधी पंधरा मिनिटं कागदावर झगडायचं. अडलं की 'उत्तर सांगू नको, फक्त पुढची पायरी सुचव' असं त्या एआयला लिहायचं. आणि झोपायच्या आधी एक उदाहरण बाबांना समजावून सांगायचं. बाबा, तुम्हाला भूमिती आठवत नसली तर उलट बरंच. "असं का?" एवढंच विचारत राहा. रेल्वेच्या डीआरएम ऑफिसात हाताखालच्यांना याच दोन शब्दांनी तुम्ही घाम फोडायचात. फेब्रुवारीत बोर्ड आहे, पेपरात फोन नसणार.

आता तुमच्याबद्दल, बाबा. आई तक्रार करत नव्हती, काळजीनं बोलली. अप्पाकाका गेल्यापासून तुम्ही रात्री दोन-दोनला उठून फोनमधल्या एआयशी बोलता म्हणे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकानं १९६६ साली 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम जगापुढं आणला होता. तुम्ही जे टाइप कराल तेच उलटवून तो प्रश्न विचारायचा, बाकी अक्कल शून्य. तो तयार होताना त्यांच्या सेक्रेटरीनं कित्येक महिने डोळ्यांनी पाहिला होता. तरी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर ती सरांनाच म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? आजची यंत्रं तर त्यापेक्षा कैक पटींनी गोड बोलतात. तुमचं मन रमलं यात नवल नाही.

पण तुम्ही दाखवलेल्या त्या संभाषणात प्रत्येक उत्तराची सुरुवात 'तुम्ही फार विचारपूर्वक प्रश्न विचारलात' अशी होती. (आईनं इतक्या वर्षांत असं एकदा तरी म्हटलंय का?) हा गोडवा कधीकधी इतका वाढतो की चॅटजीपीटीच्या कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये स्वतःच एक सुधारणा मागं घेतली, कारण ते वाटेल त्या गोष्टीला मान डोलवायला लागलं होतं. 'आता माझा कुणाला उपयोग नाही' असं तुम्ही त्याला लिहिलंत. त्यानं तुमच्या भावना समजून घेतल्या, छान शब्दांत. अप्पाकाका असते तर म्हणाले असते, "डोकं फिरलंय का रे? चल ऊठ, तळ्यावर चक्कर मारू." आणि ओढून नेलं असतं. रात्री झोप येत नसेल तर त्या फोनला ना तुमचा सुजलेला चेहरा दिसतो, ना तुम्ही जेवण अर्धवट टाकून उठलात ते दिसतं. आईला दिसतं.

फोनशी बोलणं बंद करा असं मी म्हणत नाही. पण झोपेची गोळी अर्धी घ्यावी की पूर्ण, हे त्याला अजिबात विचारायचं नाही. रात्री फारच घुसमट झाली तर १४४१६ लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलतात. किंवा मला उठवा, मी चिडणार नाही. आणि सकाळी सिद्धेश्वराला जाणारी तुमची मंडळी आजही जमतात, मी दिवाळीत पाहिलं. त्यातले दोघं तुमची चौकशी करत होते. एकजण म्हणाला, तुझा बाप वाद घालायला येत नाही, त्यामुळे आमचं सगळं फारच लवकर आटपतं.

शनिवारी संध्याकाळी सहाला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आई सोबत येईल. गोळ्यांची जुनी चिठ्ठी टीव्हीखालच्या खणात आहे, ती न्या. आणि झोपेचं तुम्ही स्वतः सांगा, आईला बोलायला लावू नका. मी गड्ड्याच्या यात्रेला येतेय, तेव्हा सोहमची वही परत बघणार. खाडाखोड दिसली पाहिजे म्हणावं.

तुमची,
माई