छापखान्यातल्या काकांना, एका ओळीबद्दल

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. माझ्या कवितासंग्रहात तुमचं नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. मी घातलं नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. राग आला तर येऊ दे.

संग्रह हाती आल्यापासून रोज एकदा तरी उघडते. कविता पाठच आहेत, त्या काय वाचायच्या! बघायचं असतं ते एकच पान:

पाट वळवून आई उभी राहते आणि
पाणी

त्या रात्री मी भांडी घासत होते. साबणाच्या हातानं फोन उचलला, तर तुम्ही. "बाये, ह्या ओळीतलं 'पाणी' खाली एकटंच पडलंय. तू मुद्दाम सोडलंस की माझ्या मशीननं पाडलं?" मुद्दाम, म्हटलं. तुम्ही जरा थांबलात. "मग पान उलटताना ते मागच्या बाजूला जातं. ते बरं नव्हे. बघतो." दुसऱ्या दिवशीच्या प्रुफात दोन्ही ओळी एका पानावर होत्या, आणि त्यापायी पुढची सगळी पानं तुम्ही नव्यानं लावली होतीत. शेजारी पेन्सिलीनं बारीकसं 'आता?' लिहिलं होतंत.

नळ तसाच वाहत होता, काका. इतकी वर्षं लिहिते आहे, पण माझी ओळ कुठे तुटते हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.

तुमच्याआधी एक प्रकाशक झाले, मोठ्या शहरातले. कवितेला गिऱ्हाईक नाही, म्हणाले. निम्मे पैसे आधी भरा, शंभर प्रती तुम्हीच घ्या. भरले. मग फोन उचलेनात. शेवटी पीडीएफ आली, तिच्यात हेच कडवं निबंधाच्या परिच्छेदासारखं सलग जोडलेलं, जोडाक्षरं फुटलेली, रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. मी तक्रार केली तर उत्तर आलं, "मॅडम, कवितेत एवढं कोण बघतं?" आणि कविसंमेलनं! दुपारच्या जेवणानंतरचं सत्र, पाहुणे उद्घाटन करून केव्हाच पसार, सूत्रसंचालक घड्याळाकडे बोट दाखवतोय. खाली उतरल्यावर गोड आवाजात, "संग्रह काढलात की एक प्रत भेट द्या हं." विकत घेईन असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

कवितेवर पोट भरत नाही हे आम्हा गोव्यातल्यांना नवं नाही. तुमच्या फोंड्याजवळच्या बोरीचे कवी बा. भ. बोरकर, १९६७ साली पद्मश्री झालेले, त्यांनीही आधी मास्तरकी केली आणि मग आकाशवाणीत नोकरी. विष्णू वाघ पत्रकार होते, नाटककार होते, पुढे आमदार आणि विधानसभेचे उपसभापती झाले. कविता या सगळ्याच्या मधूनमधून. आमच्या पिढीतलं कुणी पतसंस्थेत आहे, कुणी वर्तमानपत्राच्या रात्रपाळीला, मी शाळेत तासिकेवर. माझा अर्धा संग्रह वाळपई-पणजी कदंब बसमध्ये उभ्यानं, मोबाइलवर लिहिलेला आहे. सत्तरी तालुक्यातल्या रस्त्यावर एका हातानं दांडी धरून मात्रा सांभाळणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक.

त्यात कोकणीला गोव्याची राजभाषा करणाऱ्या १९८७च्या कायद्यापासून आमच्यामागे लागलेली चौकशी आहेच: तू मराठीवाली की कोकणीवाली? कवी शंकर रामाणी दोन्हींत लिहीत होते, १९९६ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो कोकणी संग्रहासाठी. पण हे ऐकायला वेळ कुणाला आहे? तुमच्या घरात सगळं कोकणी. तरी माझे ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही माझ्याहून कडक तपासलेत आणि 'कुळागर'चा अर्थ तळटिपेत द्यायला निघाले तेव्हा "कशाला? ज्याला नाही कळत तो विचारील" म्हणून मला थांबवलंत. तो सल्ला बरोबरच होता.

सज्जनपणाबद्दल लोक व्यासपीठावरून फार बोलतात. तुम्हाला लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, जत्रेची हँडबिलं यांच्या गर्दीत माझं 'पाणी' दिसलं. लग्नपत्रिकाही तुम्ही तितक्याच काळजीनं लावता, हे मी तिथल्या बाकड्यावर बसून पाहिलंय. नवऱ्यामुलाच्या आजीचं नाव चुकलंय का म्हणून तुम्ही घरी फोन लावलात. म्हणजे माझ्यावर काही खास मेहेरबानी केली होतीत असंही नाही. हे कळल्यावर मला उलट जास्तच बरं वाटलं.

दुसऱ्यांदा पानं लावल्याचे पैसे तुम्ही बिलात धरले नाहीत, तेही माझ्या उशिराच लक्षात आलं. आणि तुमची प्रत द्यायला लागले तर "विकायला ठेव" म्हणालात. ती मी बाजूला काढून, नाव घालून ठेवली आहे. येत्या शनिवारी शाळा सुटली की फोंड्याला येते. राहिलेले पैसेही आणते. नको म्हणालात तर तिथेच, तुमच्या गिऱ्हाइकांसमोर भांडेन.

तुमची,
वाळपईची बाय