बाबा, यंदाही चवथीला पेटी तुम्हीच वाजवायची

प्रिय आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट बोलताच येत नाही, आई स्पीकर लावते आणि बाबा अर्ध्यातच "बरं बरं" म्हणत उठून जातात, म्हणून लिहितेय. आई, तू वाचून दाखवू नको, त्यांचं त्यांना वाचू दे.

चवथीच्या आरत्यांना बाबा पेटीवर बसणार नाहीत, शेजारच्या मुलाला सांगून ठेवलंय, असं आईकडून कळलं. कारण काय तर कानाचं मशीन लावलं की पेटी बेसूर ऐकू येते आणि काढलं की माणसांचं बोलणं कळत नाही, मग चार लोकांत कशाला. बाबा, मला हे अजिबात पटलेलं नाही.

पणजीला आल्तिनोवर आकाशवाणीत बातम्या वाचायच्या नोकरीची तुमची वर्षं मी घरातून बघितलीत. सकाळची शिफ्ट असली की पहाटे चारला उठून जायचात, दुपारी येऊन जेवून जरा पडलात की चहा आणि चहा झाला की पेटी. आम्ही दोघं समोर पाढे म्हणायला बसायचो आणि तुम्ही मधेच भाता थांबवून "सात नव्वे?" विचारायचात. बाकीचे लोक ड्युटी संपल्यावर कुठे कुठे बसायचे, तुम्ही सरळ घरी. टेलिप्रिंटरचे पाठकोरे कागद तुम्ही आणायचात ना, त्यातला एक माझ्याकडे अजून आहे, वरच्या अर्ध्यात पावसाच्या बातमीचा कच्चा मसुदा आणि खाली पेन्सिलीनं भीमपलासातल्या अभंगाचं नोटेशन, आणि दोन्हीत सारख्याच बारीक उभ्या रेघा, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या. तुमच्या बातम्या लोकांना ऐकत राहाव्याशा का वाटायच्या ते मला त्या कागदावरून कळलं. बातमीतही तुम्ही समेवरच यायचात.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला तेव्हा आपण पर्वरीला भाड्यानं राहत होतो आणि तुम्ही पलीकडे पणजीत ड्युटीवर. घरी फोन नव्हता. आई रेडिओ सोडून हलली नाही, आणि बातम्यांना तुमचा आवाज आला तशी "आहेत, बरे आहेत" म्हणाली आणि उठून भात लावला. सगळीकडे वाट्टेल ते आकडे फिरत होते म्हणे, पण तुम्ही खात्री झालेलं तेवढंच वाचलंत, एक शब्द जास्त नाही, हे ती अजून सांगते आणि दरवेळी तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढे भाषेचं आंदोलन पेटलं, ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषेचा कायदा झाला, ते दिवस तर फारच कठीण. घरात अभंग, नाट्यपदं, पेपर सगळं मराठी आणि नोकरी कोकणी बातम्यांची, दोन्ही बाजूंचे ओळखीचे लोक बाजारात अडवून विचारायचे की तू नक्की कोणाचा. तुम्ही दोघांच्याही बातम्या सारख्याच आवाजात वाचल्यात, आणि घरी येऊनही कोणाला नावं ठेवली नाहीत. याचा मला फार अभिमान आहे, कधी बोलून दाखवला नाही एवढंच.

आणि आई, बातम्या संपेपर्यंत कुकर चढवायचा नाही हा नियम तुझा! बाबा घरात शिरल्यावर आधी तुलाच विचारायचे, आज कसं झालं, आणि तू सांगायचीस की तिसऱ्या बातमीला घाई केलीत, शेवटाला दमलात. ऑफिसात कोण काय म्हणालं त्यापेक्षा त्यांना तुझं लागायचं.

केसरबाई केरकर १९७७ च्या सप्टेंबरात गेल्या आणि त्याच महिन्यात त्यांच्या भैरवीचं रेकॉर्डिंग बरोबर घेऊन व्हॉयेजर-१ यान निघालं, हे आम्हाला झोपताना कितीदा सांगितलंत बाबा, आधी केरी गाव मग अमेरिका मग आभाळ, अगदी बुलेटिनसारखं क्रमानं. तोच माणूस आता पेटीला हात लावत नाही म्हणजे काय.

आता कानाचं. मी इथे वास्कोत एका ऑडिओलॉजिस्ट बाईंना विचारून आले. वयानं आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं, स, श, फ ही अक्षरं तिथलीच, म्हणून बोलणं पुसट होतं. खालचे सूर बरेच टिकतात. आणि तुमचं मशीन बोलण्यासाठी सेट केलंय, त्याला पेटीचा लांब धरलेला सूर शिट्टीसारखा वाटू शकतो आणि ते तो दाबायला जातं, त्यानं सूर हलल्यासारखा वाटतो. म्हणजे तुमचा सूर कुठे गेलेला नाही, मशीन गोंधळतंय! गाण्यासाठी वेगळी सेटिंग करून मिळते, पण त्यांनी सांगितलं की वाद्य घेऊन या, वाजवून बघितल्याशिवाय जमत नाही.

तुमचा नातू यंदा आरतीला घुमट वाजवायला शिकलाय, बकऱ्याच्या कातड्याचं नवीन घेतलंय त्याला. हात चांगला आहे पण आरती रंगात आली की सुटतो, नुसता पळत सुटतो, शामेळाचा ढोल वाजवणारा मागे राहतो. भजनी सप्ताहात इथल्या दामोदराच्या देवळात नेला होता, बैठकीत तास दोन तास हलला नाही, येताना म्हणाला आजोबा पेटीवर असले तर मी नाही पळणार. त्याला आवरणं त्या शेजारच्या मुलाला जमायचं नाही, तो स्वतःच पळतो.

तर मंगळवारी साडेदहाची वेळ घेतलीय. मी सोमवारी संध्याकाळी फोंड्याला येते, राहते, सकाळी पेटी डिकीत घालून निघू. भात्याला जुनी ओढणी गुंडाळून ठेव आई, रस्ते अजून खड्ड्यांचेच आहेत. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आत्ताच आणू नका, सुपारी आणि तोरिंगण (पपनस) मी बघते, नेवऱ्यांचं चूणही इथूनच करून आणते, तू नारळ खवत बसू नको.

तुमची,
बाय