मागच्या दाराची कडी आणि ते दोन कॅमेरे

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगायला घेतलं की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा.

पोर्चमध्ये खरा कॅमेरा बसवायचं मी ठरवलंय. ठरवलंय म्हणजे मागवलाय आणि पैसेही भरलेत. तुम्हाला न विचारता केलं याची रुखरुख आहे, पण विचारलं असतं तर "कशाला उगाच खर्च, खोटा लावलाय की" हेच ऐकायला मिळालं असतं. तुमच्या त्या दोन खोट्या कॅमेऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये. तीन-चारशे रुपयांच्या मानाने ते काम करतात. स्कूटरमधलं पेट्रोल काढणारा, कुंड्या उचलणारा, असला भुरटा त्यांना बघून बिचकतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या संशोधकांनी घरफोडीच्या 422 कैद्यांना प्रश्न विचारले होते. घरात माणसं आहेत का, कुत्रा आहे का, कॅमेरा किंवा अलार्म आहे का, हे आधी हेरतो असं त्यांतल्या पुष्कळांनी सांगितलं. आता बाबा म्हणणार, बघ, मी तेच म्हणत होतो! पण बाबा, हेरतो म्हणजे नीट बघतो. आणि नीट बघणाऱ्यापुढे खोटा टिकत नाही.

पोर्चच्या पायरीवर उभं राहून तुम्हीच बघा. लाल दिवा लुकलुकतोय. खरा कॅमेरा सहसा लुकलुकत नाही. रात्री त्याच्या भिंगाभोवतीचे अवरक्त (अंधारात बघण्याचे इन्फ्रारेड) दिवे फार तर मंद तांबूस दिसतात, आणि काही कॅमेऱ्यांत तर अजिबातच दिसत नाहीत. दुसरं म्हणजे वायर. तुमच्या कॅमेऱ्याची वीतभर काळी वायर निघते आणि भिंतीपाशीच संपते, भिंतीला भोकच नाही. तिसरं, खालच्या बाजूला पेन्सिल सेलचं झाकण आहे आणि ते खालून दिसतं. शिवाय हाच डबा गावातल्या प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानात टांगलेला असतो. बघून बघून सगळ्यांना तो पाठ झालाय.

मला खरी काळजी त्या सेलचीच आहे. ते काही महिन्यांत संपतात. पावसाळ्यात दमटपणाने पाझरतात, पत्र्या हिरव्या पडतात, मग नवे सेल घातले तरी दिवा लागत नाही. आणि ते बदलायला कोण चढतं? तो तिपाई स्टूल, त्यावर बाबा, खाली आई धरायला. आई, तू धरून काय होणार गं? गुडघ्यांच्या डॉक्टरांनी काय बजावलंय ते पुन्हा लिहीत नाही. चोर येईल की नाही कोण जाणे, पण स्टुलावरून पडणं मात्र ठरलेलं. यापुढे स्टूल बंद, आणि हे सांगणं म्हणून नाही, ठरलं म्हणून लिहितेय.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. दोघंच राहणाऱ्या घराला रात्रीच्या चोरापेक्षा सकाळी अकराला बेल वाजवणाऱ्याचा धोका जास्त. दागिने पॉलिश करून देतो म्हणणारे, गॅसची नळी तपासायला आलोय म्हणणारे, "पुढच्या चौकात चोऱ्या झाल्यात, बांगड्या काढून रुमालात बांधा" म्हणणारे तोतया पोलीस. नानांच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. हे लोक कॅमेरा बघून परत फिरत नाहीत, हसून बेल वाजवतात. तिथे खोटा कॅमेरा काय करणार? खऱ्यातून निदान मला इथे बसून दिसेल, आणि मी त्यातूनच विचारू शकेन, "कोण पाहिजे?" आई, दार उघडायच्या आधी मला फोन केलास तरी चालेल. मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

आणि देव न करो, काही झालंच तर पोलीस आधी गल्लीतले कॅमेरे बघतात. त्यांना "आमचा शोभेचा आहे" असं बाबांनी सांगायचं, हे मला नको. खऱ्या चित्रीकरणाचा कोर्टातही उपयोग होतो, फक्त भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं. म्हणून तसं काही घडलं तर कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाला हात लावायचा नाही, काही पुसायचं नाही. आधी 112, मग मी.

आता बसवण्याचं. बाबा, हे तुमच्यासाठी, कारण वायरमनच्या मागे तुम्ही उभे राहणार हे मी धरूनच चालले आहे.

जागा: दाराच्या चौकटीच्या वर नाही, पोर्चच्या डाव्या खांबावर, साधारण नऊ फुटांवर. याहून वर गेला तर नुसती डोकी आणि टोप्या दिसतात, खाली आला तर कुणीही हाताने फिरवून ठेवतो. रोख फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर हवा, म्हणजे माणूस समोरून चालत येताना चेहरा मिळतो. मागवलाय त्यात 2.8 मिलिमीटरचं भिंग आहे. त्यात अख्खं अंगण मावतं, पण चेहरा ओळखू येतो तो दहा-बारा फुटांपर्यंतच. फाटकावरचा माणूस नुसता "कुणीतरी" दिसेल, त्यावर हुज्जत घालू नका. फाटक पूर्वेला आहे, तेव्हा कॅमेरा थोडा खाली वळवायला सांगा, नाहीतर सकाळी उन्हापुढे सगळे काळे ठिपके दिसतील. पांढऱ्या भिंतीला अगदी खेटून नको, रात्री त्याचाच उजेड भिंतीवरून उलटून चित्र धुरकट होतं. जोशीकाकांचं दार चौकटीत येता कामा नये. ते बोलणार नाहीत, पण त्यांना आवडणारही नाही.

भोक पाडायच्या आधी तिथे खाली उभे राहा, मोबाइलचा डेटा बंद करा आणि घरच्या वायफायवरून मला व्हिडिओ कॉल करा. चित्र अडखळलं तर राउटर देवघरातून दिवाणखान्याच्या खिडकीत आणायला सांगा. आपल्या जुन्या दगडी भिंतीतून वायफाय नीट जात नाही, आणि असले बहुतेक कॅमेरे वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात. वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल, भोकातून आत जाणार नाही. वायरमन "कशाला" म्हणेल. ऐकू नका.

कॅमेरा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचे. वीज गेली आणि राउटर बंद पडला तर मला काही दिसणार नाही. चोरालाही अंधारच लागतो. कार्ड 128 जीबीचं आहे, सतत लिहिण्यासाठी बनवलेलं. फोनचं साधं कार्ड यात घातलं तर लवकर खराब होतं. दिवसाला साधारण 11 जीबी धरले तर अकरा दिवसांचं राहतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. तुम्हाला काही करायचं नाही. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं बघून घ्या. एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीला सुरक्षा-चाचणीची सक्ती झाली आहे, दुकानातला जुना माल कुणी गळ्यात मारायला नको.

एका बाबतीत मात्र कडक राहा. कॅमेऱ्याचं ॲप बाबांच्याच फोनवर आणि बाबांच्याच नंबरावर सुरू करायचं. बसवणारे पुष्कळदा सोयीसाठी आपल्या फोनवर सुरू करतात आणि मग आपल्या घराचं चित्र त्यांच्याकडे राहतं. ओटीपी मागितला तर मला फोन. पासवर्ड मी इथून बदलेन. घराच्या आत एकही कॅमेरा नाही, आई. तू गाऊनवर ओट्याशी उभी असशील, नाहीतर दुपारची आडवी झाली असशील, ते कुणी बघणार नाही. मीसुद्धा नाही.

यापेक्षाही आधी मागचं दार. त्याची कडी दोन अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर लटकतेय, एका लाथेत निघेल. सुतार येईल, आडवा लोखंडी अडसर लावेल आणि बिजागऱ्यांना लांब स्क्रू घालेल. परसात माणूस आला की आपोआप लागणारा दिवाही सांगितलाय. खरं सांगायचं तर तीन-चारशे रुपयेच असते तर मी कॅमेऱ्याआधी हा दिवा घेतला असता. आई, भांडी घासायला गेलीस की दार नुसतं लोटून ठेवतेस, ती सवय मोड. पुढे कॅमेरा आहे म्हणून मागे ढिलाई, हेच खोट्या कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान.

बाबा, तुमचे दोन्ही वाया जाणार नाहीत. एक परसाच्या भिंतीवर वायरमनकडून लावून घ्या. सेल काढून टाका, दिवा नसला की तो जास्त खरा वाटतो. वायरचा लांब तुकडा जोडून भोकातून आत घ्या. पुढे खरा आहे हे एकदा कळलं की मागचाही लोक खराच समजतात. दुसऱ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, फक्त देवघरात नको.

महिन्यातून एकदा लांब दांड्याच्या झाडूने खालूनच कॅमेऱ्यावरची जाळी काढायची. रात्री दिव्याला किडे येतात, त्यांच्यासाठी कोळी भिंगावर जाळं विणतो, कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी आलं आणि रात्रभर फोन उगाच वाजत राहतो. ते काम मावशींना सांगा, वरचे पैसे द्या.

वायरमन रविवारी सकाळी दहाला येईल. त्याला चहा द्या, पैसे देऊ नका, दिलेले आहेत. बाबांची रक्तदाबाची गोळी त्या गडबडीत राहायला नको.

तुमची,
मनू

ता. क. वायफायचा पासवर्ड बाबांनी राउटरवरच चिकटवून ठेवलाय, तो काढा आणि डायरीत मागच्या पानावर लिहून ठेवा.