शीवच्या तळघरातल्या टॅक्सीवाल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हिरव्या पाटीवरची पिवळी अक्षरं आणि मागच्या काचेवरचं ‘आई एकवीरा’, एवढंच डोळ्यांसमोर आहे. म्हणून हे पत्र असं चारचौघांत.

आईला घेऊन मी माझी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायला शीवच्या त्या तळघरात पोचले ती आधीच करवादलेली. त्याआधी एका मॉलमध्ये चार्जिंगच्या जागेत पेट्रोलची एसयूव्ही ऐसपैस उभी होती. रखवालदार म्हणाला, “साहेब जेवायला गेलेत, येतील.” दुसरीकडे ॲप म्हणत होतं चार्जर मोकळा आहे, आणि मशीनची स्क्रीन ठार काळी. हेल्पलाइनवरच्या ताईंनी तक्रार नोंदवली आणि संयमाबद्दल माझे आभार मानले. संयम कुठला! कल्याण गाठायचं होतं, बॅटरी नऊ टक्के, आणि शेजारी आई, “जुनी गाडीच बरी होती हो.”

तुमच्या गाडीचं चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर आलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही चार्जरची गन, म्हणजे गाडीत खुपसायचा प्लग, काढलीत. “ऐंशीच्या पुढं लई हळू चढतं. कशाला अडवून ठेवू?” फास्ट चार्जरवर हे होतंच, बॅटरी जपायला करंट कमी होतो. गाडी घेताना शोरूमवालाही सांगतो. तरी शंभरच्या हट्टापायी गन लावून वर सिनेमा बघत बसणारे मी पाहिलेत. तुमचं तर त्या वीस टक्क्यांवर भाडं अवलंबून.

पण मला विसरता येत नाही ते त्याच्या पुढचं. माझी गाडी अजून रॅम्पवर अडकलेली. तुम्ही तुमची बाजूला घेतलीत, तेवढ्यात एक सेडान त्या जागेत घुसायला लागली. तुम्ही धावत येऊन मधोमध उभे राहिलात, कमरेवर हात ठेवून. त्यानं हॉर्न वाजवला, काच खाली करून काहीबाही बोलला. “चार्जिंगची जागा हाय. मागं मॅडम येतायत,” एवढंच तुमचं उत्तर. लोकलमध्ये ओळखीच्यासाठी लोक रुमाल टाकून जागा धरतात. तुम्ही अनोळखी बाईसाठी स्वतःच उभे राहिलात.

आमच्या सोसायटीच्या कमिटीला हे वाचून दाखवणार आहे. घरी चार्जिंगला मुभा असल्याचं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत 2018 पासून आहे, पण माझ्या पार्किंगमधला पॉइंट ‘आग लागेल’ या एका वाक्यावर अडलाय. अटल सेतूवर आम्हा इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना टोल माफ झाला, छानच झालं. पण गन वेळेवर सोडणारा माणूस काही धोरणातून येत नाही, तो तुमच्यासारखा घरूनच तसा निघालेला असतो.

चहाला तुम्ही “राहू दे पोरी, भाडं आलंय” म्हणून निघून गेलात. पुन्हा कुठल्या चार्जरवर भेटलात, तर भाडं आलं तरी सोडणार नाही. आई म्हणते, सोबत भजीही हवीत.

— तुमच्या मागची मॅडम