भूत नसलेला भयपट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या भयपटांविषयीचा लेख आवडीने वाचला. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांच्या १९६२ सालच्या ‘द प्रिमॅच्युअर बरियल’ची मात्र त्यात दोन ओळींत बोळवण झाली असून, ‘व्हिन्सेंट प्राइसच्या अभावी फिका पडलेला भुताचा चित्रपट’ अशी त्याची संभावना केली आहे. भयपटांतले नामवंत नट प्राइस यांच्याविषयी मतभेद असू शकतात, परंतु ‘भुताचा चित्रपट’ हे वर्णन सरळ चुकीचे आहे. ८१ मिनिटांच्या या चित्रपटात ना पिशाच्च आहे, ना शाप, ना परलोकातून आलेला कोणी पाहुणा. आपल्याला मृत समजून जिवंतपणीच पुरतील, हा एका माणसाच्या मनात ठाण मांडून बसलेला धसका एवढाच त्याचा विषय आहे.

गाय कॅरेल या नायकाच्या वडिलांना कॅटॅलेप्सी, म्हणजे शरीर ताठरून मृतवत पडण्याचा विकार होता, आणि दफनानंतर तळघरातून त्यांचा आक्रोश आपण लहानपणी ऐकला, अशी त्याची खात्री आहे. पुढे एका कबरीतून काढलेल्या शवपेटीच्या झाकणाला आतून रक्ताळलेले ओरखडे दिसतात, त्या वेळी कबर खोदणारा शिटीवर ‘मॉली मॅलोन’ हे गाणे वाजवत असतो, आणि तेव्हापासून ती साधी चालसुद्धा कॅरेलला कोसळवायला पुरेशी ठरते. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी नववधू पियानोवर नेमकी तीच चाल वाजवते, तेव्हा त्याची जी अवस्था होते ती पाहिल्यावर हा भुताचा खेळ नव्हे हे वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि माझा मुख्य मुद्दा समाधिगृहाच्या दृश्याचा आहे. स्वतःसाठी खास बांधून घेतलेले ते समाधिगृह कॅरेल पत्नीला आणि मित्राला दाखवतो. आतून कळ दाबताच उघडणारी शवपेटी, बाहेरच्यांना हाक देणारी घंटा, छतातून खाली येणारी शिडी, भिंत फोडायला हत्यारे, सुटका होईपर्यंत तग धरता यावा म्हणून अन्न, हे सारे निकामी ठरल्यास सुरुंगाची दारू, आणि शेवटचा उपाय म्हणून विषाचा पेला. नवे घर बांधलेला गृहस्थ पाहुण्यांना ज्या उत्साहाने खोल्या दाखवत फिरतो, त्याच उत्साहाने कॅरेल साकारणारे रे मिलँड हे दृश्य करतात. १९४५ सालच्या चित्रपटातील दारूच्या आहारी गेलेल्या लेखकाच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलेल्या या नटाला, आपल्याच सवयीच्या मुठीत सापडलेला माणूस कसा बोलतो, कसा हसतो, हे पक्के ठाऊक होते. कॉर्मन यांनी हा चित्रपट आपल्या नेहमीच्या निर्मितीसंस्थेबाहेर करायला घेतला होता आणि प्राइस त्या संस्थेशी करारबद्ध होते, म्हणून मिलँड आले. ही तडजोड या भूमिकेच्या पथ्यावरच पडली, असे मला वाटते. प्राइस यांनी यात निश्चितच एक भव्य विकृती आणली असती. मिलँड मात्र शेजारी राहणाऱ्या सभ्य माणसासारखे दिसतात, आणि म्हणून अधिक अस्वस्थ करतात.

या दृश्यातली खरी मेख अशी, की प्रत्येक नव्या उपायामुळे कॅरेलला आधीचा उपाय अपुरा वाटू लागतो. घंटेचा दोर तुटला तर शिडी, शिडी अडकली तर सुरुंग, असा हा हिशेब कोठेच संपत नाही, आणि त्यानंतर येणाऱ्या, रंगांची छटा बदललेल्या स्वप्नदृश्यात ही सगळी व्यवस्था एकेक करून दगा देते. शेवटी ओठांशी नेलेल्या पेल्यात विषाऐवजी अळ्या वळवळताना दिसतात. भीतीवर काढलेला तोडगाच भीतीला खतपाणी कसे घालतो, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे दुसरे दृश्य त्या काळच्या भयपटांत मला आठवत नाही.

एडगर ॲलन पो यांच्या १८४४ सालच्या मूळ कथेतही निवेदक अशीच तयारी करून ठेवतो. प्रेताच्या हाताला बांधायचा घंटेचा दोरसुद्धा तिथे आहे. पण कथेचा शेवट वेगळा आहे. अंधारात, मातीच्या वासात जागा झालेला निवेदक प्रत्यक्षात बागेची माती वाहून नेणाऱ्या बोटीतल्या एका अरुंद फळीवर झोपलेला असतो, आणि या फजितीनंतर तो कायमचा बरा होतो. पटकथाकार चार्ल्स ब्यूमाँट आणि रे रसेल यांनी ही सुटका नाकारली. त्यांच्या नायकाची भीती खोटी ठरवण्यासाठी वडिलांचे थडगे उघडले जाते, आणि तो उपायच त्याच्या अंगावर येतो.

ही भीती केवळ लेखकांच्या डोक्यातून निघालेली नव्हती, हेही आपल्या लेखात यायला हवे होते. मृत्यूची खात्री करण्याची साधने तोकडी होती, त्या काळात जर्मनीत प्रेते काही दिवस देखरेखीखाली ठेवण्याची स्वतंत्र गृहे होती. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ सालच्या मृत्युपत्रात मृत्यूनंतर आपल्या शिरा कापाव्यात आणि मृत्यूची खात्री झाल्यावरच दहन करावे, असे लिहून ठेवले होते. पुढे कार्निस-कार्निकी नावाच्या उमरावाने तर छातीची किंचित हालचाल होताच कबरीवर निशाण उभे राहील आणि घंटा वाजेल, असे यंत्र तयार केले; मात्र कुजताना फुगणारे प्रेतही हलते, ही त्यातली अडचण होती. कॅरेलचे समाधिगृह या यंत्राच्याच कुळातले आहे, आणि म्हणून ते हास्यास्पद वाटता वाटता अंगावर काटा आणते.

चित्रपट निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. शेवटची वीसेक मिनिटे सूडकथेला दिली आहेत आणि एका मनाच्या आतली गोष्ट तिथे कुणाच्या तरी कटकारस्थानाची होऊन बसते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गुन्हेगाराचे नाव लिहीत नाही, पण तो उलगडा मला नेहमीच स्वस्त वाटत आला आहे. सबंध चित्रपट स्टुडिओतच चित्रित झाल्याने धुक्याचाही अतिरेक झाला आहे. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी यांच्या कौशल्यामुळे तो खपून जातो, एवढेच. या दोन गोष्टींवर लेखकाने टीका केली असती तर मी हे पत्र लिहिलेच नसते.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा अपुरी असल्यास त्या वाक्यातला ‘भुताचा’ हा एक शब्द मागे घेतला तरी माझी तक्रार राहणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक