न्यूमार्केटचा चेसवेल

संपादक महोदय,

अमेरिकेच्या स्वातंत्र्यकाळाची चर्चा वॉशिंग्टन-जेफरसन यांच्यापाशीच थांबते, याचे मला वाईट वाटते. न्यू हॅम्पशायरमधील न्यूमार्केट या छोट्या गावाने १७६८ मध्ये वेंटवर्थ चेसवेल या आफ्रिकी वंशाचा वारसा असलेल्या तरुणाला कॉन्स्टेबल म्हणून निवडून दिले. पुढे हिशेब तपासणी, करआकारणी अशी कामे सांभाळत १८१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो जवळजवळ दरवर्षी गावाच्या कारभारात राहिला. डिसेंबर १७७४ मध्ये ब्रिटिश जहाजे येत असल्याचा इशारा देण्यासाठी त्याने एक्सेटरपर्यंत घोडा दौडवला, हे तर फारच थोड्यांना माहीत असते. त्याच्या मृत्यूनंतर, १८२० मध्ये, मिसुरीच्या राज्यघटनेतील वर्णभेदी तरतुदीला विरोध करताना सिनेटर डेव्हिड मॉरिल यांनी याच ग्रामाधिकाऱ्याचा दाखला दिला. आपल्या पुरवणीत अशा माणसांना जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक